ताई, जरा बाजूला होता का?

नाव वीरधवल, आणि रस्त्यात कुत्रं झोपलेलं दिसलं तर त्याची झोपमोड नको म्हणून वळसा घालून जाणारा माणूस. गाव उंब्रज. वय चौतीस. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून, घरचा चार एकर ऊस, पक्कं घर, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. असल्या पोराचं लग्न होऊन एव्हाना त्याचं पोर शाळेत जायला पाहिजे होतं. पण सतरा स्थळं आली आणि सतराही गेली, आणि सगळ्याला कारण एकच होतं. कॅमेरा.

आता तुम्ही म्हणाल, कॅमेऱ्यानं कुणाचं लग्न मोडतं होय? मोडतं. आमच्या सातारा-सांगलीकडं मोडतं. आमच्याकडं स्थळ आलं की आधी चौकशी. मुलीकडचा कुणी लांबचा चुलता, नाहीतर आत्याचा नवरा, गुपचूप मुलाच्या गावात उतरतो. सरळ काही विचारायचं नाही, हा नियम. टपरीवर चहा घ्यायचा, "इथं खताचं दुकान कुठं हो?" असं काहीतरी भलतंच काढायचं, आणि हळूहळू मुलाच्या घरावर यायचं. तसा एकेक चुलता उंब्रजच्या स्टँडवर उतरला, आणि टपरीवाल्यानं प्रत्येकाला तेच सांगितलं.

"पोरगं लय चांगलं हाय, पाव्हणं. पर रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून कुटं जातंय काय म्हाईत न्हाई. साताऱ्यात बोळाबोळांनी हिंडतंय म्हणं. लोकांच्या दारांचं फोटू काढतंय."

"लग्नाचे काढतात का?"

"न्हाई वो. दारांचं."

"त्याचे पैसे मिळतात?"

"छ्या!"

झालं. चुलता अर्धा चहा तसाच ठेवून उलट्या एसटीनं परत. लबाड जावई चालेल, तापट चालेल, पण विनाकारण हिंडणारा? विनाकारण म्हटलं की आमची माणसं घाबरतात.

आणि वीरधवल हिंडायचा हे खरंच होतं. साताऱ्याची एकूण एक पेठ त्यानं पायी पालथी घातली होती. राजपथावरून सगळेच जातात. हा त्याच्या मागच्या बोळात शिरायचा, तिथून त्याच्याही मागच्या. दगडी पायरीला पाय पडून पडून झालेली खळगी, एका कडीला तीन पिढ्यांची तीन कुलपं, गल्लीच्या टोकाला उभं राहिलं की दोन भिंतींच्या फटीतून दिसणारा अजिंक्यताऱ्याचा एवढासा तुकडा. असलं काही सापडलं की त्याला भूक लागायची नाही. अहो, आवडतं एखाद्याला! पण हे चुलत्याला कोण सांगणार?

त्याचे वडील हंबीरराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. अठरावं स्थळ सांगलीचं आलं, तेव्हा त्यांनी कॅमेरा उचलला, आपल्या काळ्या लोखंडी ट्रंकेत ठेवला, कुलूप ठोकलं आणि चावी करदोट्याला बांधली.

"लग्न होईस्तवर नो मूव्हमेंट," ते म्हणाले. "आणि हे बी मोडलं तर ह्यो कॅमेरा डायरेक्ट विहिरीत. समजलं?"

वीरधवलला समजलं. हंबीरराव बोलले की करायचे. एकदा असाच रेडिओ टाकला होता विहिरीत, बातम्या पटल्या नव्हत्या म्हणून.

मुलगी बघायला जायचं ठरलं पुढच्या रविवारी. आलेल्या फोटोत मुलीच्या मागं बर्फाचे डोंगर होते, आणि स्टुडिओवाल्यानं तिचा चेहराही त्याच बर्फाचा केला होता. नाव क्रांती, शाळेत विज्ञान शिकवते, एवढं वीरधवलला कळलं. पत्त्याचा कागद वडिलांच्या खिशात.

मधला रविवार मोकळा होता. हंबीरराव माजी सैनिकांच्या मेळाव्याला रहिमतपूरला गेले, आणि वीरधवल ट्रंकेसमोर उकिडवा बसून राहिला. आई पदराला हात पुसत बाहेर आली.

"कुलपाकडं काय बघतोस येड्यावानी? मागनं उघडती ती," आई म्हणाली. "बिजागरीचा खिळा सैल हाय. तुजं वडील क्यांटीनचं बदाम दडवून ठेवत्यात न्हवं का त्यात. वीस वर्सं झाली, म्या तितनंच काडती."

"आई!"

"आई काय? जा, हिंडून ये. पर साताऱ्याला नगं, तितं समदी वळकत्यात."

म्हणून तो सांगलीला गेला. तुम्ही कपाळावर हात माराल, पण त्याचा हिशोब सरळ होता. सांगली केवढी मोठी! पाच लाख माणसं. त्यात नेमकी तीच गल्ली कशी लागेल? शिवाय आईनं डोक्यावर टोपी घातली, डोळ्यांवर वडिलांचा काळा गॉगल चढवला. आता कुणी ओळखणार नाही, असं दोघांचं एकमत झालं.

सांगलीत त्याला पुराच्या खुणा बघायच्या होत्या. नदीच्या अंगाला जुन्या वस्तीत भिंतीभिंतींवर रेघा आहेत: २००५, २०१९, २०२१. कराडच्या बाजूच्या चाळीसभर खुणांचे फोटो त्याच्याकडं जमले होते. स्टँडवरून तो चालत निघाला, एक बोळ, दुसरा बोळ, पापड वाळत घातलेला तिसरा, आणि मग एक अरुंद गल्ली लागली. तिथं कट्ट्यावर एक म्हातारी मेथी निवडत बसली होती.

"आजी," वीरधवलनं समोरच्या घराकडं बोट करून विचारलं, "ह्या घरात पाणी कुठवर आलं होतं?"

म्हातारीचा हात मेथीतच थांबला.

ही बनुबाई. ह्या गल्लीत लग्नाची चौकशी करायला जो येई तो आधी बनुबाईच्या हाती लागे. कुणी भाड्यानं खोली बघायला यायचं, कुणी मारुतीचं देऊळ विचारायचं. तिनं आजवर असे अकरा पकडले होते. आता ऐन सावलीत गॉगल घातलेला माणूस, पाहुणे यायला आठ दिवस असताना, नेमका लालासाहेबांच्या घराला ओल आहे का ते विचारतोय! तिला शंकाच राहिली नाही. मुलाकडचा हेर.

"बसा की," ती गोड आवाजात म्हणाली. "च्या घ्या. ते लालासाहेबांचं घर. हळदीच्या पेठंत दिवाणजी हायत. जरा हेकट, पर मानूस सोन्यासारका. आनि पोरगी तर काय सांगू! शाळंत शिकवती, सैपाक येतो, गाडी चालवती, डोळ्याला चष्मा न्हाई."

"हं," वीरधवल म्हणाला.

त्याचं लक्ष म्हातारीकडं नव्हतंच. समोरचं दार उघडं होतं. दाराला लागूनच माडीवर जाणारा जिना होता, आणि जिन्याच्या भिंतीवर पोत्यांवर नंबर टाकायच्या काळ्या रंगानं कुणीतरी रेघा ओढल्या होत्या. पायरीपायरीनं वर चढत गेलेल्या. प्रत्येक रेघेला वेळ, आणि पुढं अक्षर. कॅमेऱ्यातून जवळ ओढून त्यानं वाचलं.

मंगळवार, सकाळी ७. उंबरा गेला.

९.३०. बाबांची सायकल गेली.

१२.४५. बाबा म्हणतात, आता ओसरेल.

३.१०. बाबा म्हणतात, नक्की ओसरेल.

५.४०. बाबा गप्प.

आणि माडीच्या एकच पायरी खाली, एक जाड, लांब, रागानं ओढलेली रेघ: आता पुरे.

त्याच्या वर काही नव्हतं. पाणी तिथंच थांबलं होतं.

वीरधवलनं कॅमेरा खाली घेतला. साताऱ्यातली सगळी दारं, कड्या आणि पायऱ्या एकीकडं, आणि ही भिंत एकीकडं. हे लिहिणारा माणूस कोण असेल? पाणी जिना चढतंय, घर बुडतंय, आणि हा वरच्या पायरीवर ब्रश घेऊन बसलाय, वेळ लिहितोय, वर आणि बापाची थट्टा करतोय! त्याला एकदम त्या माणसाशी बोलावंसं वाटलं. पण आधी फोटो. तो गल्लीच्या मधोमध गुडघ्यावर बसला.

तेवढ्यात दारात एक मुलगी आली. रविवारचं डोक्याला तेल थापलेलं, विटलेला ड्रेस, हातात बादली.

"ताई, जरा बाजूला होता का?" वीरधवल म्हणाला. "जिना येत नाही."

ती सरकली. त्यानं फोटो काढला. ती पुन्हा आली, ह्या वेळी खराटा घेऊन.

"ताई, थोडं अजून."

ती पुन्हा सरकली, आत गेली, आणि पाच मिनिटांनी स्कूटी ढकलत बाहेर आली. हा वाटेतच बसलेला.

"काका, सरका."

काका कोण म्हणून वीरधवलनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"काका, तुम्हालाच म्हणतेय."

काळजात काहीतरी कच्चकन मोडलं. "सॉरी, ताई," असं पुटपुटत तो भिंतीला चिकटला, आणि ती भुर्रकन निघून गेली.

एकतीस फोटो काढून तो परत फिरला. गल्ली अवाक. पोरगीकडं ढुंकून बघितलं नाही, हुंडा-मानपान काही नाही, नुसता जिना बघून गेला! इकडं वीरधवल परतीच्या एसटीत खिडकीच्या काचेत आपले केस तपासत होता. कराड येईपर्यंत तपासत होता.

पुढच्या रविवारी शेजाऱ्यांची बोलेरो निघाली. पुढं हंबीरराव इस्त्रीच्या कपड्यांत, मागं आई आणि वीरधवल. सांगली आली, गाडी नदीकडं वळली, पापडांचा बोळ गेला, आणि वीरधवलच्या तोंडचं पाणी पळालं.

"आई," तो कुजबुजला. "हीच गल्ली."

"कुटली?"

"जिन्याची."

"आता गं बया!" आई म्हणाली.

"काय खुसपुस चाललीया? डिसिप्लिन!" हंबीरराव पुढून ओरडले.

वीरधवलनं रुमाल काढून नाकावर धरला. वाटलं, सर्दी म्हणता येईल. गल्लीतलं झाडून सगळं माणूस कट्ट्यावर आलं होतं, आणि सगळ्यांत पुढं बनुबाई. पाहुणे आत गेले, तशी तीही गल्लीची प्रतिनिधी म्हणून आत आली आणि बरोबर वीरधवलच्या समोर बसली.

लालासाहेबांनी ऊस किती, पाणी कुठलं, असं सुरू केलं. आतून मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. वीरधवल फरशीकडं बघत बसला होता. एका हातानं रुमाल, दुसऱ्या हातानं बशी घेताना रुमाल सुटला.

"ह्यो त्योच!" बनुबाई किंचाळली. "चौकशीवाला! गागलवाला!"

पोह्यांत चमचे जागच्या जागी थांबले.

"म्हणजे मुलगा स्वतःच आला होता चौकशीला?" लालासाहेबांचा चेहरा लाल झाला. "अहो, चौकशी आम्हीही केली असती. चुलत्याला पाठवा, मामाला पाठवा, त्याला रीत आहे. पण खुद्द नवरा मुलगा, वेष पालटून? आमच्या घरावर संशय?"

"इम्पॉसिबल!" हंबीरराव ताडकन उभे राहिले. "कॅमेरा माझ्या ट्रंकेत आहे. कुलूप लावलंय. ही बघा चावी." आणि भर बैठकीत त्यांनी करदोटा उपसून दाखवला.

"आवं," आई हळूच म्हणाली, "ती मागनं उघडती."

"काय उघडतंय?"

"ट्रंक. बिजागरीचा खिळा सैल हाय. वीस वर्सं झाली."

सुभेदारसाहेब तसेच करदोटा धरून उभे. काहीतरी त्यांच्या डोक्यात सावकाश जुळत होतं.

"म्हणजे... बदाम?"

"व्हय," आई म्हणाली.

एवढ्यावर निभावलं असतं, पण बनुबाई अजून संपली नव्हती.

"आनि दुसरं म्हंजे," ती म्हणाली, "ह्येनं क्रांतीला ताई म्हटलंय. भर गल्लीत. तीन येळा. म्या मोजलंय."

आता मात्र बैठक थंड पडली. हेरगिरी एकवेळ समजावता आली असती. पण ताई? आमच्याकडं एकदा तोंडातून ताई गेलं की पोरगी राखी बांधायला मोकळी. लालासाहेबांनी मान खाली घातली. हंबीररावांनी बशी ठेवली आणि टोपी उचलली.

"चला," ते म्हणाले. "अठरावं. विहीर भरली आता कॅमेऱ्यानं."

आणि वीरधवल उभा राहिला. आजवर पाहुण्यांसमोर हा माणूस "हो" आणि "चहा पुरे" ह्यापलीकडं काही बोलला नव्हता. पण कॅमेरा जाणारच होता, लग्न गेलंच होतं, मग घाबरायचं कशाला?

"मी चौकशीला आलो नव्हतो," तो म्हणाला. "मुलगी बघायलाही आलो नव्हतो. मला माहीतच नव्हतं ही गल्ली तुमची आहे. मी असाच हिंडतो. विनाकारण हिंडतो. मला आवडतं. गॉगल वडिलांचा आहे. तुमच्या घरावर संशय नाही, उलट मी पाहिलेल्या सगळ्या घरांत हे घर... म्हणजे जिना..." त्याला शब्द सापडेनात. "आम्ही जातो. फक्त एवढं सांगा, जिन्यावर ते लिहिलंय कुणी? आठ दिवस झोप नाही मला. बाबा गप्प, असं लिहिणारा माणूस मला एकदा बघायचाय."

लालासाहेबांनी डोळे मिटून घेतले. ती भिंत रंगवून घे म्हणून ते सहा वर्षं ओरडत होते.

"मी लिहिलंय," ट्रे धरून उभी असलेली मुलगी म्हणाली.

वीरधवलनं वर पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं. बर्फ नव्हता, तेल नव्हतं. डोळे मात्र बादलीवालीचेच होते, आणि त्यांत हसू दाबून धरलेलं.

"बाबांना सांगत होते, चला, बाहेर पडू. ऐकेनात," क्रांती म्हणाली. "मग म्हटलं, निदान नोंद तरी ठेवू. आणि बनुआजी, तुम्ही मोजलं ते बरोबर आहे. ताई म्हणाले हे. पण मीसुद्धा ह्यांना काका म्हणाले. त्याचं काय?"

बनुबाईनं हनुवटीवर बोट ठेवलं. असा पेच तिच्यासमोर आजवर आला नव्हता.

"कितींदा?"

"दोनदा."

"मग फिटत न्हाई," बनुबाई खेदानं म्हणाली. "ताई तीन, काका दोन. येक ताई शिल्लक ऱ्हाती."

क्रांतीनं क्षणभर विचार केला. मग ती वीरधवलसमोर आली, वाकली आणि ट्रे पुढं केला.

"पोहे घ्या, काका."

आधी आई हसली. मग दाराबाहेर कान लावून बसलेली गल्ली हसली. लालासाहेब हसायचं नाही असं ठरवून खोकायला लागले, आणि खोकता खोकता हसले. वीरधवलनं पोहे घेतले. ह्या वेळी "काका" त्याला अजिबात लागलं नाही. उलट एवढं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं आणि मिरची लागल्याचं सोंग करावं लागलं.

"फिटलं," बनुबाईनं निकाल दिला.

"फोटो दाखवा की," क्रांती म्हणाली. "एकतीस काढलेत म्हणे. आजींनी तेही मोजलेत."

"फोटो कॅमेऱ्यातच राहिलेत. कॅमेरा ट्रंकेत," वीरधवल म्हणाला, आणि ओशाळून वडिलांकडं पाहिलं.

पण आई कधीच बाहेर गाडीकडं गेली होती. ती आली ती हातात कापडी पिशवी घेऊन, आणि पिशवीत कॅमेरा होता. "म्हटलं, येळ काय सांगून येती?" ती म्हणाली. हंबीरराव बायकोकडं बघत राहिले. चाळीस वर्षं संसार केला आणि फौजेत खरं कोण असायला पाहिजे होतं ते त्यांना आज कळलं. त्यांनी करदोट्याची चावी सोडली आणि मुकाट्यानं तिच्या हातात ठेवली.

फोटो बघितले गेले. एकतीसच्या एकतीस फोटोंत कडेला कुठंतरी बादली होती, नाहीतर खराटा, नाहीतर एक कोपर. "हे मी कापणार होतो," वीरधवल म्हणाला, आणि मग घाईघाईनं, "पण आता नाही कापत."

"आता एक नीट काढा," क्रांती म्हणाली. ती जिना चढली आणि वरच्या पायरीवर, "आता पुरे"च्या बरोबर खाली, पदर सावरून बसली.

वीरधवल गल्लीत जाऊन गुडघ्यावर बसला. कॅमेरा डोळ्याला लावला. ती बसली होती तिथं तिच्या खांद्याआड "बाबा गप्प" झाकलं जात होतं. सवयीनं त्याचं तोंड उघडलं.

"ता..."

गल्लीनं श्वास रोखला. बनुबाईचं एक बोट वर गेलं. वीरधवलनं ते अक्षर आवंढ्यासकट गिळलं. कान तांबडेलाल झाले.

"क्रांती," तो म्हणाला, "जरा बाजूला होता का?"

"नाही," क्रांती वरून म्हणाली. "मागच्या खेपेला मी सरकले. आता तुम्ही सरका."

आणि वीरधवल सरकला.